परदेशात भाषा शिकवायला जाताना : आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या नेमणुकांचा अभ्यास

पूर्वी आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी सुट्टीत भेटायला आले की त्यांचे प्रश्न ठरलेले असत. डी.एड. करावे की पोलीस भरतीची तयारी करावी, तलाठ्याची परीक्षा द्यावी की बँकेची. अलीकडे इंग्रजीत एम.ए., बी.एड. झालेली काही मुले-मुली वेगळाच प्रश्न घेऊन येतात : ‘सर, परदेशातल्या एका खासगी भाषाशाळेचे पत्र आले आहे. तिकडे जावे, की पीएच.डी. पूर्ण करून एखाद्या परदेशी विद्यापीठाची वाट पाहावी?’ या प्रश्नामागे जे वास्तव उभे आहे ते यवतमाळ जिल्ह्यातील प्रत्येक सुशिक्षित घराला ठाऊक आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला आपला मुलगा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, तासांचे मानधन कित्येक महिन्यांनी हाती पडते, आणि कायम जागेची जाहिरात निघालीच तर संस्थाचालकाची अपेक्षा कानावर येते. दोन एकर कोरडवाहू कापसाच्या जोरावर ती अपेक्षा पूर्ण होण्यासारखी नसते. अशा वेळी बँकॉक, हनोई किंवा मस्कतहून आलेले पत्र हे स्वप्नरंजन राहत नाही; तो घर चालवण्याचा मार्ग ठरतो.

हा प्रश्न बहुधा दोनच मापांनी मोजला जातो : पगार किती आणि नाव किती मोठे. विद्यापीठ म्हटले की प्रतिष्ठा, खासगी भाषाशाळा म्हटली की शिकवणी वर्ग, अशी समजूत आपण धरून चालतो. मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला ही मापे अपुरी वाटतात. एखाद्या नेमणुकीची खरी किंमत ती स्वीकारल्यानंतर दहा-वीस वर्षांनी कळते, आणि त्यासाठी पूर्ण झालेले आयुष्यच अभ्यासावे लागते. मराठी भाषकांत असे आयुष्य आहे ते आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे लेखक म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. त्यांच्या सर्वच राजकीय भूमिका आपल्याला मान्य होतील असे नाही. पण येथे आपण त्यांच्याकडे परमुलुखात भाषा शिकवणारा एक शिक्षक म्हणून पाहणार आहोत. खासगी राष्ट्रीय महाविद्यालय, सरकारी विद्यापीठ, संस्थानिकाचे मानधन, अमेरिकेतील विद्यापीठ, पुण्यातील महाविद्यालय, रशियातील संशोधनसंस्था अशा सर्व प्रकारच्या नेमणुका त्यांनी पाहिल्या, स्वीकारल्या आणि सोडल्याही.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. औपचारिक शिक्षण अगदीच जुजबी. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख वाचून त्यांच्या मनात जी ओढ निर्माण झाली, तिने १८९९ मध्ये त्यांना घराबाहेर काढले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करीत ते १९०२ मध्ये सिलोनला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पालि शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. या साऱ्या अभ्यासाची एकही विद्यापीठीय पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परिवेण म्हणजे विहाराला जोडलेली पाठशाळा. आजच्या भाषेत सांगायचे तर खासगी भाषाशाळाच. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले तेव्हा त्यांच्यापाशी होती ती एक भाषा, जी त्या काळी भारतात ग्रंथांसह, परंपरेसह जाणणारे लोक बोटांवर मोजण्याइतकेच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोवा तेव्हा पोर्तुगीज अंमलाखाली होता. त्यामुळे ब्रिटिश कलकत्ता हा कागदोपत्री कोसंबींसाठी परदेशच होता. तेथे त्यांच्यासमोर दोन दारे उघडली. एक होते नॅशनल कॉलेजचे. स्वदेशी चळवळीतून १९०६ मध्ये उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयाला सरकारी मान्यता नव्हती; प्राचार्य होते अरविंद घोष. दुसरे दार कलकत्ता विद्यापीठाचे. तेथे सर आशुतोष मुखर्जी कुलगुरू होते आणि भाषांचे थोर जाणकार हरिनाथ डे यांना विद्यापीठात पालीचा अभ्यास रुजवायचा होता. कोसंबींनी आधी नॅशनल कॉलेजात शिकवले आणि पुढे ते विद्यापीठात पालीचे अध्यापक झाले. पदवी नसलेला मनुष्य विद्यापीठात शिकवू लागला, हे मुखर्जींच्या गुणग्राहकतेचे श्रेय होय. आजच्या कोणत्याही निवड समितीपुढे कोसंबींचा अर्ज छाननीतच बाद झाला असता, हे ओघाने आले म्हणून सांगतो.

एवढी जागा मिळाल्यावर कोणीही तेथेच स्थिरावला असता. परंतु याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून एक प्रस्ताव आला. महाराष्ट्रात कोणत्याही गावी राहावे, वर्षाकाठी बडोदे संस्थानासाठी एक पुस्तक लिहून द्यावे. दरमहा ५० रुपये मिळतील. कलकत्त्याला याहून कितीतरी अधिक प्राप्तीची शक्यता होती आणि मुखर्जींनी त्यांना थांबवून घेण्याचा प्रयत्नही केला. कोसंबींनी ५० रुपये पत्करले.

भावनेच्या भरात घेतलेला निर्णय म्हणून हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो. मला तो अत्यंत हिशेबी निर्णय वाटतो. कलकत्त्यात ते बंगाली विद्यार्थ्यांना पालि शिकवत होते आणि त्यांचा सगळा दिवस वेळापत्रकाच्या स्वाधीन होता. बौद्ध धर्माची माहिती आपल्या मराठी माणसांना मराठीतून मिळावी, ही इच्छा तर मनात होती; तिच्यासाठी वेळ मात्र नव्हता. बडोद्याच्या प्रस्तावात पैसा कमी होता, वेळ पूर्ण होता, भाषा स्वतःची होती आणि कामाचे फळ पुस्तकरूपाने उरणार होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचे ते ग्रंथरूप. नोकरीच्या पत्रात पगाराचा आकडा सर्वांत ठळक असतो, म्हणून आपण तो आधी वाचतो. कोसंबींनी त्या पत्रातील ‘राहावे’ आणि ‘लिहून द्यावे’ ही क्रियापदे आधी वाचली असावीत.

मग आले हार्वर्ड. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वूड्स यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९१० मध्ये तेथे गेले. काम होते आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथाच्या संपादनाचे. हे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने आरंभले होते. १८९९ मध्ये वॉरन वारले आणि ते अर्धवट राहिले. ग्रंथमालेचे प्रमुख होते प्रा. चार्ल्स लॅनमन. कोसंबींनी हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित केले, ग्रंथ पुष्कळसा तयार झाला आणि मग प्रश्न आला मुखपृष्ठाचा. संपादक म्हणून कोणाचे नाव, कसे आणि कोणत्या क्रमाने छापावे, यावरून लॅनमन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाले. १९१२ मध्ये कोसंबी भारतात परतले.

पुढे सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवली. या वर्षांकडे चरित्रकार थोडे घाईने पाहतात. शिक्षकाने तसे करू नये. ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे आणि पु. वि. बापट हे त्यांचे पुण्यातील विद्यार्थी. यांपैकी बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन पदवी घेऊन आले, आणि बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त भारत सरकारने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथाचे संपादन त्यांनीच केले. महाराष्ट्रात पालि हा महाविद्यालयीन विषय म्हणून रुजला त्यात या पिढीचा वाटा मोठा आहे. नागपूरला पालीत एम.ए. करणाऱ्या आपल्या मुलींची गुरुपरंपरा शोधत गेले तर ती बऱ्याचदा फर्ग्युसनच्या त्या वर्गापाशी जाऊन पोहोचेल.

१९१८ मध्ये कोसंबी पुन्हा हार्वर्डला गेले ते १९२२ पर्यंत राहिले. यावेळी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेले. हाच दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. परतल्यावर त्यांनी गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काम केले. १९२६ मध्ये तिसऱ्यांदा अमेरिका, १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड, १९३१ मध्ये चौथ्यांदा अमेरिका. म्हणजे मतभेद झाले म्हणून त्यांनी ते दार कायमचे बंद केले नाही. ते जात होते, काम करीत होते, परत येत होते. प्रत्येक खेपेला परतण्याचे ठिकाण मात्र शाबूत होते.

‘विसुद्धिमग्गा’चे पुढे काय झाले? हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती छापून प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये; संपादक वॉरन, संशोधक कोसंबी अशी नोंद तिच्यावर आहे. कोसंबी ती पाहू शकले नाहीत, कारण जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले होते. परंतु त्याआधीच, १९४० मध्ये, त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केली होती. एकाच विद्वत्तेची ही दोन पुस्तके. परदेशी विद्यापीठाने जगभरच्या अभ्यासकांपुढे नेलेले एक, आणि ज्याला देवनागरी वाचता येते अशा कोणाही भारतीयाला उघडता येईल असे दुसरे. विद्यापीठाची नोकरी म्हणजे मान आणि खासगी संस्थेची नोकरी म्हणजे राबणूक, अशी सरळ विभागणी ज्यांना करायची आहे त्यांनी या दोन मुखपृष्ठांकडे पाहावे.

या सर्व प्रवासात एका व्यक्तीचा उल्लेख फार थोडा येतो, तो येथे करणे मला आवश्यक वाटते. बाळाबाई या कोसंबींच्या पत्नी. १८९९ मध्ये ते घर सोडून गेले तेव्हा मुलगी तान्ही होती, आणि त्यानंतरची सात वर्षे बाळाबाईंनी माहेरच्या आधाराने काढली. कोणत्याही नेमणूकपत्रात त्यांचे नाव नव्हते. आज परदेशी जायला निघालेल्यांत आपल्या मुलीही आहेत आणि तरुण बापही आहेत. कोण कोणाच्या भरवशावर मागे राहणार आहे, हा प्रश्न घरात बसून, आईवडिलांसमोर, आकड्यांत बोलला गेला पाहिजे.

बडोद्याचा उल्लेख आला म्हणून बाबासाहेबांच्या एका कराराकडे वळतो. १९१३ मध्ये याच सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये बाबासाहेब करार पाळण्यासाठी बडोद्यात दाखल झाले. पगार ठरलेला होता, पद ठरलेले होते. राहायचे कोठे, हे मात्र करारात नव्हते, आणि त्या शहरात अस्पृश्य मनुष्याला कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे बाहेर काढले गेले तो प्रसंग आपल्या शाळेतील सहावीचा मुलगाही सांगू शकतो. मी तो कराराच्या वाचनाचा पाठ म्हणून शिकवतो : निवासाचे कलम नसेल तर बाकीची कलमे एका संध्याकाळीत निरर्थक होऊ शकतात.

त्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ४५० रुपये वेतनावर काम केले. तेथेही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून आक्षेप घेतला. सरकारी महाविद्यालयातील ती सुरक्षित जागा त्यांनी लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी सोडली. शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांवर ते निघाले. बॅरिस्टर होऊन आल्यावर, वकिली अजून बेताची आणि चळवळ वाढत चाललेली असताना, जून १९२५ ते मार्च १९२८ ते बाटलीबॉय यांच्या खासगी अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. अर्धवेळ, तासांवर. जगातील दोन थोर विद्यापीठांच्या पदव्या हाती असलेल्या माणसाला खासगी वर्गात शिकवण्यात कमीपणा वाटला नाही, कारण त्या तासांव्यतिरिक्तचा दिवस त्यांचा स्वतःचा होता.

आपल्या भागाशी निगडित आणखी एक उदाहरण भदन्त आनंद कौसल्यायन यांचे. जन्माने पंजाबचे असले तरी १९४० च्या दशकात ते वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते, म्हणजे कळंब-देवळीमार्गे आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर. ही समिती म्हणजे लोकांना हिंदी शिकवणारी, परीक्षा घेणारी एक सार्वजनिक संस्था, विद्यापीठ नव्हे. तेथील अनुभव घेऊन भदन्तजी १९५९ मध्ये सिलोनच्या विद्यालंकार विद्यापीठात हिंदी विभागाचे प्रमुख झाले आणि १९६८ पर्यंत तेथे राहिले. नंतर नागपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांचाच. येथे संस्थेचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. विद्यालंकार हे मुळात १८७५ मध्ये स्थापन झालेले परिवेण. १९५९ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आज ते केलानिया विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. कोसंबी ज्या विद्योदय परिवेणात शिकले त्यालाही त्याच वर्षी विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पाटी बदलली, इमारती वाढल्या. पालि शिकवणारे भिक्खू दोन्ही काळांत तेच काम करीत होते.

आता आजच्या पत्रांकडे येऊ.

खासगी भाषाशाळेची नोकरी लवकर मिळते, पदवी आणि मुलाखत एवढ्यावर मिळते, आणि पहिल्या महिन्यापासून घरी पैसे येतात. तिच्यातील जोखीम मालकाशी बांधली जाण्याची आहे. बहुतेक देशांत कामाचा परवाना त्या एका मालकाच्या नावाने असतो. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही थोड्याच मुदतीत संपतो. जपानमधील ‘नोव्हा’ ही इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या वर्गांची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. कंपनीने घेतलेल्या घरांत जे राहत होते त्यांच्या पगारातून भाडे कापले गेले होते, पण ते घरमालकांपर्यंत पोहोचले नव्हते, त्यामुळे काहींवर घर सोडण्याची पाळी आली. बडोद्यातील निवासाच्या कलमाची आठवण मला येते ती यासाठी. चीनमध्ये जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवणी वर्गांवर बंदी आणली, तेव्हा एका फर्मानाने एवढा मोठा उद्योग आक्रसला की परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्यांचे कामही गेले. शिक्षकाची गुणवत्ता या दोन्ही घटनांत कोठेच आड आली नव्हती.

दुसरी अडचण पारपत्राची. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. जपानमध्ये शाळांत परकी भाषा शिकवण्याचा व्हिसा मिळवायचा तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. आपल्या आश्रमशाळेत मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने एम.ए. इंग्रजी प्रथम श्रेणीत केले तरी हा नियम त्याच्या आड येतो. माध्यमाचा दाखला ‘जरा बदलून’ देण्याची विनंती शाळेकडे होते, ती मान्य होणार नाही. एजंट सुचवतो तो हा मार्ग पकडला गेला तर त्या देशाचे दार कायमचे बंद होते.

एजंटांविषयी दोन शब्द. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर एवढी आहे. ‘आधी पर्यटक व्हिसावर चला, तिकडे परवाना करून देऊ’ असे जो म्हणतो त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये डांबून सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे उघड झाल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता.

विद्यापीठाची बाजू निर्धोक आहे असे समजू नये. परदेशी विद्यापीठात शिकवायचे तर पीएच.डी. आणि प्रसिद्ध झालेले लेखन लागते. म्हणजे चार-सहा वर्षांची अशी गुंतवणूक, जिच्यात घरी पैसे पाठवणे दूर, मागवावेच लागतात. भाषाशिक्षकांच्या बऱ्याचशा जागा मुदतीच्या करारावर असतात. जपानमध्ये २०१३ च्या कामगार करार कायद्यातील बदलानुसार पाच वर्षे सलग काम केलेल्या कंत्राटी माणसाला कायम करार मागता येतो. विद्यापीठांतील अध्यापक-संशोधकांसाठी ही मुदत पुढच्याच वर्षी दहा वर्षे करण्यात आली. मुदत भरण्यापूर्वी करार न वाढवण्याची युक्ती संस्थाचालकांना जगभर सुचते, आपल्याकडचेच त्यात वाकबगार आहेत असे नाही. तरीही विद्यापीठात ग्रंथालय मिळते, सुट्टी मिळते, आणि केलेल्या कामावर स्वतःचे नाव लागण्याची शक्यता असते. शक्यता म्हणतो, कारण लॅनमनसाहेबांचे उदाहरण आपण पाहिले.

माझे मत विचाराल तर ते मुलामुलींच्या परिस्थितीप्रमाणे बदलते. घरावर कर्ज आहे, धाकटी भावंडे शिकत आहेत, अशा मुलीने खासगी भाषाशाळेची दोन वर्षांची नोकरी अवश्य घ्यावी. मात्र करार मूळ भाषेसह इंग्रजीत मागावा, आठवड्याचे तास किती, त्यांत तयारीचा वेळ धरला आहे का, पारपत्र कोणाच्या ताब्यात राहील, मध्येच सोडल्यास दंड किती, परतीचे तिकीट कोणाचे, हे सर्व लेखी घ्यावे आणि परतीची तारीख निघतानाच ठरवावी. ज्याने नेट उत्तीर्ण केले आहे, ज्याचा पीएच.डी.चा प्रवेश झालेला आहे, त्याने महिना काही हजार अधिक मिळतात म्हणून तो प्रवेश सोडू नये. तिशीत सुटलेले संशोधन चाळिशीत पुन्हा हाती धरणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

शिक्षणासाठीच परदेशी जायचे असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. जातिव्यवस्थेच्या इतिहासावर परदेशात संशोधन करायचे तर या शिष्यवृत्तीचा उपयोग नाही, अशी तरतूद नेमक्या आपल्याच मुलांच्या शिष्यवृत्तीत यावी, याविषयी इतिहासाच्या शिक्षकाला काय वाटते ते लिहिण्याची ही जागा नव्हे.

इंग्रजीविषयीही एक निरीक्षण नोंदवतो. इंग्रजी शिकवायला निघालेला आपला विद्यार्थी सात देशांच्या पारपत्रधारकांशी स्पर्धा करतो आणि रांगेत मागे उभा राहतो. कोसंबींपाशी पालि होती, भदन्तजींपाशी हिंदी होती. त्यांना बोलावून नेले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पालि या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. त्या दर्जाने उद्या नोकऱ्या निघतील असे मी म्हणत नाही. पण श्रीलंका आणि थायलंडमधील बौद्ध विद्यापीठांत आपल्या मुलांना शिकायला जाता येते, आणि तेथे इंग्रजी, पालि व एक भारतीय भाषा अशा तीन भाषा जाणणारा मनुष्य केवळ इंग्रजी जाणणाऱ्यापेक्षा वेगळ्या रांगेत उभा असतो. आठवीपासून पालीचे पाठ आपल्या शाळेत रविवारी होतात. त्यांना उपस्थिती किती असते हे उपस्थितीपत्रक सांगेल.

परदेशातील नेमणुकीचे पत्र किंवा करार ज्यांच्या हाती असेल त्यांनी तो सही करण्यापूर्वी शाळेत घेऊन यावा. इंग्रजीच्या शिक्षिका आणि मी, आम्ही दोघे तो ग्रंथालयात बसून कलमावार वाचू. कागद पूर्ण आणावा, सर्व पाने आणावीत. मोबाइलवर काढलेल्या पहिल्या पानाच्या छायाचित्रात पगार तेवढा दिसतो.